खोट मालात की काट्यात?

२०१३ साली प्लँक या युरोपीय उपग्रहाने एकाच विश्वाबद्दल दोन साक्षी दिल्या आणि त्या एकमेकींशी जुळेनात. पहिली साक्ष होती महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळ्या झालेल्या प्रकाशाची. तो आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात सगळ्या आकाशात भरून राहिला आहे. त्याच्या तापमानात लाखात एखाद्या भागाइतके बारीक चढउतार आहेत. ते मोजले की विश्वात द्रव्य किती आणि ते आरंभी किती गुठळलेले होते, हे काढता येते. मग त्या गुठळ्या आजवर किती वाढल्या असतील आणि दीर्घिकांचे अजस्र गुच्छ किती तयार झाले असतील, याचा पुढचा हिशेब मांडता येतो. दुसरी साक्ष त्या गुच्छांचीच. त्याच सूक्ष्मतरंगांत गुच्छांमुळे पडलेल्या खुणांवरून प्लँकच्या चमूने १८९ गुच्छ निवडून मोजले. हिशेबाप्रमाणे हवे होते त्याच्या जवळपास निम्मेच भरले.

माल कमी भरला की मंडईत दोनच शंका येतात. एक तर माल खरेच कमी आहे, नाही तर काट्यात खोट आहे. दीर्घिकागुच्छांवरून विश्वाची प्रतिमाने तपासण्याचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास या दोन शंकांभोवतीच फिरत आला आहे. कधी माल खोटा निघाला, म्हणजे विश्वाविषयीची मान्य कल्पनाच मोडीत निघाली. कधी काटाच खोटा निघाला. गंमत अशी की सुरुवातीला कुणालाच यातले कुठले ते ओळखता येत नाही.

गुच्छ म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या शेकडो ते हजारो दीर्घिका, अशी व्याख्या पुस्तकांत असते. ती चुकीची नाही, पण फसवी आहे. रात्रीच्या एसटीतून दूरच्या गावाचे दिवे दिसतात आणि त्या दिव्यांनाच आपण गाव म्हणतो, तसा हा प्रकार आहे. मोठ्या गुच्छाचे वजन एक कोटी कोटी सूर्यांपासून वीस-तीस कोटी कोटी सूर्यांपर्यंत असते. त्यात सगळ्या दीर्घिकांतल्या सगळ्या ताऱ्यांचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के. बारा-तेरा टक्के वजन दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत पसरलेल्या वायूचे. तो इतका विरळ असतो की हजार घनसेंटिमीटरमध्ये एखादा-दुसरा कण सापडावा आणि इतका तापलेला की तापमान कोटी ते दहा कोटी अंशांच्या घरात जावे. उरलेले सुमारे ८५ टक्के कृष्णद्रव्य. ते प्रकाश देत नाही, अडवतही नाही, फक्त ओढते.

विश्वाची परीक्षा घ्यायला मग गुच्छच का? दीर्घिका असंख्य आहेत, तारे त्याहून असंख्य. कारण असे की गुच्छ ही विश्वातली सर्वांत उंच शिखरे आहेत. महाराष्ट्रात १६०० मीटरच्या वर जाणारे शिखर एकच, १६४६ मीटरचे कळसूबाई. आता कल्पना करा की सह्याद्रीतली प्रत्येक उंची फक्त एक दशांशाने वाढली. पायथ्याच्या गावांना फरक जाणवायचासुद्धा नाही. पण १५६७ मीटरचे साल्हेर लगेच त्या रेषेवर चढेल, त्याच्या मागोमाग आणखी काही, आणि एकाच्या जागी अर्धा डझन शिखरे मोजावी लागतील. टोकाला असलेल्या गोष्टींची संख्या पायातल्या बारीक फरकाने पटींनी बदलते. आरंभीच्या विश्वातल्या चढउतारांना हा युक्तिवाद लावून किती वजनाचे किती पिंड तयार होतील याचे सूत्र विल्यम प्रेस आणि पॉल शेख्टर यांनी १९७४ साली मांडले. आज संगणकी सादृश्यीकरणांनी ते खूप सुधारले आहे, पण मुद्दा तोच राहिला आहे.

‘द्रव्य किती गुठळलेले आहे’ हे सांगायला या क्षेत्रातले लोक सिग्मा-आठ नावाची राशी वापरतात. सुमारे पावणेचार कोटी प्रकाशवर्षे त्रिज्येचा काल्पनिक गोळा विश्वात कुठेही ठेवला तर त्यातले द्रव्य सरासरीपेक्षा किती कमी-जास्त भरेल, त्याचे हे माप. हाच आकार का, तर एवढ्या गोळ्यात सरासरीने जितके द्रव्य मावते ते एका साधारण गुच्छाच्या वजनाइतके असते. तेव्हा गुच्छ मोजणे म्हणजे जवळजवळ थेट सिग्मा-आठ मोजणे. एकूण द्रव्याचे प्रमाण त्यात मिसळून एस-आठ नावाचा भाऊबंद आकडा तयार करतात. पुढचे सगळे भांडण या एका आकड्याच्या दुसऱ्या दशांश स्थळावरचे आहे.

पहिले वजन झाले ते १९३३ मध्ये. अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर एक भरगच्च गुच्छ आहे. फ्रिट्झ झ्विकी या स्वित्झर्लंडच्या, पण कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने त्यातल्या काही दीर्घिकांचे वेग पाहिले. त्या सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपासच्या फरकाने इकडेतिकडे धावत होत्या. दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्व त्यांना धरून ठेवायला अजिबात पुरे पडत नव्हते; गुच्छ कधीच विस्कटायला हवा होता. त्याअर्थी न दिसणारे द्रव्य असले पाहिजे, असे झ्विकीने जर्मनमध्ये लिहिले. त्याचा आकडा आज चूक ठरला आहे. दिसणाऱ्या द्रव्याच्या चारशे पट काहीतरी हवे, असे त्याचे गणित आले होते, कारण त्या काळी मानलेला, विश्वाच्या विस्ताराचा वेग सांगणारा हबलचा स्थिरांक आजच्यापेक्षा सात-आठ पट मोठा होता. गरम वायू तर त्याला ठाऊकच नव्हता. पण काट्यात एवढी खोट असूनही निष्कर्ष टिकला. खोटीपेक्षा तूट कितीतरी मोठी होती म्हणून टिकला. हे लक्षात ठेवायला हवे. पुढे ते कामी येणार आहे.

झ्विकीच्या स्वभावाच्या आणि त्याच्या शिव्यांच्या कथा पुष्कळ आहेत. त्या इथे सोडून देतो. त्या कथांच्या गर्दीत त्याचे एक भाकीत हरवते. एखादी दीर्घिका मागच्या प्रकाशाला वाकवून गुरुत्वीय भिंगाचे काम करील आणि त्यावरून तिचे वजन करता येईल, असे त्याने १९३७ मध्येच लिहिले होते. ते खरे ठरायला चार दशके लागली आणि आज गुच्छांच्या वजनाचा सगळ्यात भरवशाचा काटा तोच आहे.

पुढची काही दशके शिरगणतीची. जॉर्ज एबल याने पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्वेक्षणाच्या काचा डोळ्यांनी तपासून १९५८ मध्ये २७१२ गुच्छांची यादी केली. नुसत्या डोळ्यांनी! आजही गुच्छांची नावे ‘एबल अमुक’ अशी घेतली जातात. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून, त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, क्ष-किरण पाहणारा उपग्रह सुटला. त्याचे नाव उहुरू, म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. गुच्छ हे क्ष-किरणांनी उजळलेले प्रचंड ढग आहेत हे उहुरूमुळे स्पष्ट झाले. तो उजेड गरम वायूचा होता. म्हणजे दुसरा काटा हाती आला. वायू जितका तापलेला, तितके त्याला कोंडून ठेवणारे गुरुत्व जास्त. तिसरा काटा त्याच सुमारास रशियात कागदावर तयार झाला. राशिद सुन्यायेव आणि याकोव झेल्दोविच यांनी दाखवले की विश्वाचे सूक्ष्मतरंग गुच्छातून जाताना गरम इलेक्ट्रॉन त्यांना धक्का देतात, त्यामुळे काही तरंगलांबींवर तिथे सावली पडल्यासारखी दिसते. या सावलीची गडदता गुच्छ किती लांब आहे यावर अवलंबून नसते. लांबची वस्तू फिकी दिसते या खगोलशास्त्राच्या जुन्या दुखण्यावर हा अपूर्व उपाय होता. मात्र दक्षिण ध्रुवावरची दहा मीटरची दुर्बीण आणि चिलीच्या अटाकामा वाळवंटातली सहा मीटरची दुर्बीण येईपर्यंत, म्हणजे २००८ च्या सुमारापर्यंत, अशा सावल्यांवरून नवे गुच्छ शोधता आले नाहीत.

आता १९९३ कडे यायला हवे, कारण गुच्छांनी खरा निकाल दिला तो इथे. त्या काळी बहुसंख्य सैद्धांतिकांची श्रद्धा अशी होती की विश्वातले द्रव्य बरोबर क्रांतिक घनतेइतके, म्हणजे विस्तार जेमतेम थोपवण्यापुरते आहे. ना कमी, ना जास्त. त्याला निरीक्षणाचा भक्कम आधार नव्हता. गणित देखणे होत होते, एवढेच. सायमन व्हाइट, हुलिओ नावारो, ऑगस्ट एव्हरार्ड आणि कार्लोस फ्रेंक या चौघांनी ‘नेचर’मध्ये जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच सनातनी मताला आव्हान असल्याचे म्हटले होते. युक्तिवाद आपल्याकडच्या कुणाही आजीला पटला असता: शितावरून भाताची परीक्षा.

गुच्छ इतका मोठा असतो की तो घडताना कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या प्रदेशातले सगळे द्रव्य, साधे आणि कृष्ण दोन्ही, आत ओढले जाते. त्यातून वेचून एकच प्रकार बाहेर टाकण्याचा मार्ग निसर्गाकडे नाही. म्हणजे गुच्छात साध्या द्रव्याचे जे प्रमाण, तेच सगळ्या विश्वात असणार. अरुंधती केशातल्या गुच्छाचा वायू आणि तारे मोजले, एकूण वजनाशी भागले, तर साधे द्रव्य ढोबळमानाने सहाव्या-सातव्या हिश्शाइतके भरते. दुसरीकडे महास्फोटाच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, ड्यूटेरियम, हेलियम यांचे जे प्रमाण ठरले त्यावरून विश्वात साधे द्रव्य किती हे माहीत होते: क्रांतिक घनतेच्या अवघे पाच टक्क्यांच्या आसपास. पाच टक्के जर एकूण द्रव्याचा सहावा-सातवा हिस्सा असेल, तर एकूण द्रव्य तीस-पस्तीस टक्के. शंभर नव्हे. शंभर टक्क्यांचा आग्रह धरायचा तर अरुंधती केशात दिसला त्याच्या एक तृतीयांशच वायू असायला हवा होता. एवढी मोठी चूक वायू मोजण्यात होणे शक्य नव्हते.

योगायोग असा की त्याच १९९३ मध्ये फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह आपल्या जयंत नारळीकरांनी महास्फोटालाच पर्याय म्हणून आभासी-स्थिर विश्वाचे प्रतिमान मांडले. ते टिकले नाही, असे बहुतेक विश्वशास्त्रज्ञ म्हणतील आणि मलाही तसेच वाटते. पण बहुमत हा पुरावा नव्हे, हा नारळीकरांचा हट्ट त्या दशकात किती योग्य होता हे व्हाइट प्रभृतींच्या निबंधाने वेगळ्याच बाजूने दाखवून दिले. क्रांतिक घनतेच्या बाजूने बहुमत होते आणि ते चुकले.

त्याला दुसरा दणका बसला तो मोजणीतून. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने आरंभीच्या चढउतारांची पातळी सांगितली, आणि क्रांतिक घनतेच्या विश्वात ती पातळी घातली की आज दिसतात त्यापेक्षा फारच जास्त गुच्छ तयार होत होते. तिसरा दणका काळाचा. द्रव्य भरपूर असेल तर गुठळ्या अलीकडेपर्यंत झपाट्याने वाढत राहतात, म्हणजे फार पूर्वी मोठे गुच्छ नसणारच. द्रव्य कमी असेल तर वाढ लवकर आटोपते, म्हणजे जुन्या काळीही मोठे गुच्छ दिसायला हवेत. नेता बाहकॉल आणि शाओहुई फॅन यांनी १९९८ मध्ये दूरचे मोजून तीन जड गुच्छ घेतले. त्यांतल्या सर्वांत लांबच्या गुच्छाचा प्रकाश सुमारे सातशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला. क्रांतिक घनतेच्या विश्वात असा एकही सापडण्याची आशा नव्हती. तीन गुच्छांनी एक विश्व बाद केले.

त्याच वर्षी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाचा विस्तार वेग घेतो आहे असे जाहीर झाले, त्याला २०११ चे नोबेल मिळाले आणि लोकांच्या लक्षात तेच राहिले. त्यात अन्याय नाही. वेगवाढीचा थेट पुरावा गुच्छांनी दिला नव्हता. पण विश्वात द्रव्य तिसऱ्या हिश्शाइतकेच आहे हे आधी गुच्छांनी सांगून ठेवले होते म्हणून अतिनवताऱ्यांचे म्हणणे इतक्या लवकर पचले, ही गोष्ट लोकप्रिय लेखनात जवळजवळ कधीच येत नाही. पुढे २००९ मध्ये अलेक्सी विख्लिनिन आणि सहकाऱ्यांनी चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीतून नीट निरखलेल्या ८६ गुच्छांवरून, जवळच्या आणि दूरच्या संख्यांची तुलना करून, या वेगवाढीमागच्या कृष्णऊर्जेने गुच्छांची वाढ रोखल्याचे दाखवले. अंतरे मोजून मिळालेले उत्तर वाढ मोजूनही तेच आले. दोन निराळ्या वाटांनी त्याच गावाला पोहोचणे, याला विज्ञानात फार किंमत असते.

इथपर्यंतची गोष्ट गुच्छांच्या विजयाची. मग ‘प्लँक’ आला आणि काट्याकडे बघायची वेळ आली.

मोजणीत अडचण फारशी नसते, वजनात असते. शिखरांच्या उदाहरणात उंची मोजताना शंभर मीटरची चूक झाली तर कितीतरी शिखरे रेषेच्या अल्याड-पल्याड होतील, तसेच इथे. गुच्छाच्या वजनात वीस-तीस टक्क्यांची चूक म्हणजे संख्येत दुपटीचा फरक. प्लँकच्या गुच्छांची वजने शेवटी वायूच्या काट्यावर आधारलेली होती आणि त्या काट्यात एक गृहीतक आहे: वायू निवांत आहे, त्याचा दाब आणि गुरुत्वाची ओढ यांचा समतोल साधला आहे. गुच्छ मात्र सतत काहीतरी गिळत असतो, दुसऱ्या गुच्छांवर आदळत असतो. वायू ढवळलेला असेल तर त्या ढवळण्याचाही दाब असतो, तो हिशेबात येत नाही आणि वजन कमी भरते. प्लँकच्या चमूने हे ओळखून वीस टक्के तूट धरली होती. दोन्ही साक्षी जुळवायच्या तर ती चाळीस टक्क्यांच्या पुढे न्यावी लागत होती.

मग तूट खरी किती? भिंगाच्या काट्यावर तपासले गेले. गुच्छाच्या मागच्या हजारो दीर्घिकांचे आकार त्याच्या गुरुत्वाने किंचित ताणले जातात. हा ताण वायूच्या निवांतपणावर अवलंबून नसतो. एका गटाने म्हटले, प्लँकचे वजन सुमारे तीस टक्क्यांनी कमी. दुसरा म्हणाला, पंचवीसच्या आत. तिसरा म्हणाला, जवळजवळ बरोबर. तिन्ही गट जाणत्यांचे. या मतभेदातच बऱ्याच जणांनी न्यूट्रिनो या कणांना अधिक वस्तुमान देऊन गुच्छांची वाढ मंदावण्याचा, म्हणजे नवे भौतिकशास्त्र आणण्याचा घाट घातला. तो घाईचा होता असे मला तेव्हाही वाटत होते. झ्विकीच्या वेळी तूट काट्याच्या खोटीपेक्षा कितीतरी पट मोठी होती. इथे तूट आणि खोट साधारण एकाच मापाच्या होत्या.

वायू खरोखर किती ढवळलेला आहे हे थेट पाहायचे तर त्याच्या लोखंडाच्या क्ष-किरण रेषेची रुंदी मोजावी लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटलेल्या जपानच्या हितोमी उपग्रहाने ययाती तारकासमूहातल्या गुच्छाचा गाभा पाहिला. ढवळण्याचा वेग सेकंदाला १६४ किलोमीटर निघाला आणि त्याचा दाब उष्णतेच्या दाबाच्या अवघा चार टक्के. मध्यभागी धगधगते कृष्णविवर असूनही वायू इतका शांत! म्हणजे निदान त्या गाभ्यात तरी काटा बराच खरा. त्यानंतर लगेच, मार्चच्या अखेरीस, दिशानियंत्रणातल्या चुकांमुळे उपग्रह गरगर फिरून मोडला. एवढ्या थोड्या निरीक्षणांतून एवढे मोठे उत्तर क्वचितच मिळाले असेल. त्याचा वारस क्रिझम सप्टेंबर २०२३ मध्ये गेला. अरुंधती केशातल्या गुच्छासारख्या आदळआपट झालेल्या ठिकाणीही त्याला सेकंदाला दोनशेच्या आसपासच वेग आढळले आहेत. गाभ्याबाहेर, काठावर काय आहे, हा प्रश्न मात्र बाकी आहे, आणि एकूण वजन ठरते ते काठावरच.

काटा कसा फसवतो याचा सर्वांत बोलका धडा २०२० मध्ये मिळाला. डार्क एनर्जी सर्व्हे या प्रकल्पाने दृश्य प्रकाशात शोधलेले साडेसहा हजार गुच्छ घेतले आणि एस-आठ ०.६५ आला, सूक्ष्मतरंगांचे उत्तर ०.८३ च्या जवळ. एवढी दरी पाहून त्या चमूने कोणतेही प्रतिमान मोडल्याचा दावा केला नाही, याचे कौतुक वाटते. त्यांनी आपलेच गुच्छ तपासले आणि संशय लहान गुच्छांवर आला. तांबड्या दीर्घिका मोजून गुच्छ ओळखायचा तर आपल्या नजरेच्या रेषेत पुढे-मागे असलेल्या दीर्घिकाही त्यातच धरल्या जातात. लोकलच्या फलाटावर एकामागे एक उभी असलेली माणसे दुरून एकच घोळका वाटावी तशा. पुढे तीन वर्षांच्या माहितीवर ही गणिते सुधारून मांडली तेव्हा आकडा वर सरकला.

२०२४ मध्ये दोन निकाल जवळजवळ पाठोपाठ आले. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या १००५ गुच्छांना भिंगाचे काटे लावून एस-आठ सुमारे ०.८० निघाला. जर्मनीच्या इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीने पहिल्या फेरीतल्या ५२५९ गुच्छांवरून ०.८६ दिला, त्रुटी अवघी ०.०१. म्हणजे दहा वर्षांपूर्वी गुच्छ कमी होते, आता उलट किंचित जास्तच. द्रव्याचे प्रमाण ०.२९, म्हणजे १९९३ च्या शितावरून काढले जवळपास तेवढेच. न्यूट्रिनोंच्या एकूण वस्तुमानाला गुच्छांनी वरची मर्यादा घातली ती ०.४३ इलेक्ट्रॉनव्होल्टची, गुच्छ कमी भरण्यासाठी त्यांची गरजच उरली नाही. इरोसिटाची वजने वायूच्या समतोलावर नाही, भिंगावर बेतली होती. माझा निवाडा असा की ‘प्लँक’च्या वेळची खोट मुख्यतः काट्यात होती.

सगळेच प्रश्न मोजणीचे नसतात. काही एकेकट्या गुच्छाचे असतात. ‘बंदुकीची गोळी’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या गुच्छात दोन गुच्छ एकमेकांतून आरपार गेले आहेत. वायू वायूवर आपटून मध्ये अडकला, दीर्घिका पुढे निघून गेल्या. साध्या द्रव्यातले बहुतेक वजन वायूचे, तेव्हा कृष्णद्रव्य नसते तर भिंग वायूपाशी सापडायला हवे होते. डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की ते दीर्घिकांपाशी आहे. मोर्देहाय मिल्ग्रोम याने १९८३ मध्ये न्यूटनचे नियम बदलून कृष्णद्रव्य टाळण्याचा मार्ग सुचवला होता. एकेका दीर्घिकेच्या फिरण्याबाबत तो आश्चर्य वाटावे इतका चालतो. गुच्छांत मात्र नियम बदलूनही जवळपास निम्मे द्रव्य बेपत्ताच राहते. या पक्षाला गुच्छांनी जितके छळले तितके कुणी नाही.

तो पक्षही गप्प बसलेला नाही. एल गोर्दो, स्पॅनिशमध्ये जाड्या, हा सुमारे सातशे कोटी वर्षांपूर्वीचा टकरीतला गुच्छ त्यांचा आवडता. विश्व निम्म्या वयाचे असताना इतका मोठा आणि इतक्या वेगाने आदळणारा गुच्छ प्रचलित प्रतिमानात होऊच शकत नाही, असा दावा २०२१ मध्ये झाला. पण वजन पुन्हा आडवे आले. आधी तीस कोटी कोटी सूर्यांपर्यंत गेलेला आकडा नव्या भिंग-मोजणीत एकवीसवर उतरला. शिवाय आधी विलक्षण वस्तू शोधायची आणि मग तिची शक्यता किती हे काढायचे, यात धोका असतो. लॉटरी लागलेल्याच्या घरी जाऊन ‘असे होणे अशक्य होते’ म्हणण्यासारखे ते आहे. दावेदारांनी उत्तरे दिली आहेत. मला ती पुरेशी वाटत नाहीत, पण प्रश्न संपलेला नाही.

गुरुत्वाकर्षणाचीच परीक्षाही गुच्छांत होते. गुच्छाच्या खोल खळग्यातून बाहेर येताना प्रकाश किंचित तांबडा होतो. रादोस्वाव वोयतक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ७८०० गुच्छ एकत्र रचून ही ताम्रसृती पकडली. सेकंदाला दहा-एक किलोमीटर एवढीच, आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांताशी जुळणारी. त्याच मापाचे इतर परिणामही त्यात मिसळलेले असतात हे पुढे लक्षात आले, त्यामुळे या निकालाकडे आता थोडे सावधपणे पाहतात.

या सगळ्यात पुण्याचा वाटा कुठे? नारायणगावाजवळच्या खोडद येथील तीस ताटांच्या जीएमआरटी दुर्बिणीतून गुच्छांच्या रेडिओ आभामंडलांचे पद्धतशीर सर्वेक्षण झाले आहे. ही आभा मुख्यतः टकरीतून गेलेल्या गुच्छांभोवती दिसते, म्हणजे कोणत्या गुच्छाचा वायू निवांत नाही, कुठे काट्यावर भरवसा ठेवू नये, याची ती खूण. खोडदच्या शेतांमधून मिळणारी ही माहिती सिग्मा-आठच्या वादात थेट येत नाही, पण वजने करणाऱ्याला ती लागतेच. आणि जुलै २०१७ मध्ये पुण्याच्या आयुकातील जयदीप बागची यांच्या चमूने, पुण्याच्याच आयसरमधील सहकाऱ्यांसह, मीन राशीच्या दिशेला चारशे कोटी प्रकाशवर्षांवर त्रेचाळीसएक गुच्छांचा महागुच्छ शोधल्याचे जाहीर केले. नाव सरस्वती. पसारा साठ कोटी प्रकाशवर्षांचा, वजन दोनशे कोटी कोटी सूर्यांचे. एवढी मोठी रचना त्या काळापर्यंत उभी राहिलेली दिसणे हे वाढीच्या गणिताला आव्हान असल्याचे शोधकांनी तेव्हा म्हटले. महागुच्छाची हद्द मात्र गुच्छापेक्षाही पुसट असते. कुठवर धरायचा हे माणूस ठरवतो. म्हणून सरस्वतीला मी साक्षीदार म्हणेन, न्यायाधीश नाही.

पुढची दहा वर्षे काट्यांची आहेत. युक्लिड उपग्रह जुलै २०२३ मध्ये गेला आणि त्याच्या पहिल्या चित्रांत ययातीतला गुच्छ होता. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये जी पहिली चित्रे दाखवली त्यांत कन्या राशीतला, आपल्याला सर्वांत जवळचा मोठा गुच्छ होता. हे दोघे मिळून लाखाच्या मापात गुच्छ देतील आणि त्याबरोबर भिंगासाठी लागणाऱ्या कोट्यवधी मागच्या दीर्घिकाही. कृष्णऊर्जा काळानुसार बदलते की काय, अशी शंका दीर्घिकांच्या नकाशांवरून २०२४-२५ मध्ये पुढे आली आहे. अंतरांवरून निघालेल्या त्या शंकेची वाढीवरून फेरतपासणी करायची तर गुच्छांकडेच यावे लागेल.

इरोसिटा मात्र त्यात नसेल. रशियाच्या यानावर बसवलेली ही जर्मन दुर्बीण युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २६ फेब्रुवारी २०२२ रोजी बंद करून ठेवली गेली. आकाशाच्या आठ फेऱ्या ठरल्या होत्या. चार पूर्ण झाल्या, पाचवी अर्धवट राहिली. करारानुसार आकाशही दोघांत अर्धे-अर्धे वाटलेले आहे आणि ५२५९ गुच्छांची ती यादी फक्त जर्मन अर्ध्याची. झ्विकीने १९३३ मध्ये ज्याचे पहिले वजन केले तो अरुंधती केशातला गुच्छ रशियाच्या अर्ध्यात येतो.